बिननावाच्या फोटोंचे वेंकोबामामा

तंजावरात आमच्या मराठी लोकांत कोणी वारलं की तिघं जण येतात. शंख फुंकणारा, हारवाला आणि वेंकोबामामा. पहिल्या दोघांना निरोप धाडावा लागतो. मामांना आपोआप कळतं.

मोपेड उभी करायची, चपला काढायच्या, प्रेताला नमस्कार करायचा आणि रडणाऱ्या सुनेच्या कानाशी वाकून विचारायचं, "जुने फोटो कोठें ठेवलेत?"

आमच्या घरीही तेच झालं. वडील शिंपी होते. त्यांना ओसरीवर ठेवलं होतं आणि आईला दोघी बायका धरून बसल्या होत्या. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "फार वाईट झालं, बी.कॉम." आणि त्याच श्वासात, "पेटी कोणत्या खोलींत आहे?"

आईनं हातातला तांब्या उगारला.

"मारा की ताई," मामा म्हणाले. "पण आधीं अल्बम द्या."

बी.कॉम. म्हणजे मी. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवसापासून मामांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. चिडवण्यासाठी तशी हाक मारतात हे मला कळतं, पण मला राग येत नाही. ते नाव मला कोणी ठेवलेलं नाही, मी मिळवलंय.

मामा पापनाशमला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. लग्न केलं नाही. रिटायर झाले आणि हे घेऊन बसले. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इकडचेच झाले. भाषा घरात उरली, तीही निम्मी तमिळ. पोरांना समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. देवनागरी तर मीसुद्धा बँकेनं पुण्याला बदली केली तेव्हा शिकले. मामांचं म्हणणं एवढंच, की आपण इथं राहिलो याला पुरावा पाहिजे, आणि पुरावा म्हणजे फोटो. नुसता फोटो नव्हे, मागं नाव लिहिलेला. नाव नसलेल्या फोटोला ते 'अनाथ' म्हणतात.

इकडे भोगीच्या पहाटे घरातलं जुनं सगळं दारापुढे जाळतात. केरसुण्या, चटया, आणि म्हातारे गेले असले तर त्यांचे अल्बमही. त्या पहाटे मामा ओलं पोतं घेऊन गल्लीगल्लीतून हिंडतात आणि लोकांची शेकोटी विझवतात. लोक शिव्या देतात. आम्हा मराठी लोकांना इकडे रायर म्हणतात. "रायर, सणाच्या दिवशीं अपशकुन करतां?" एकदा त्यांनी लग्नाचा फोटो ओढून काढला, तोवर नवरा जळाला होता आणि नवरी तेवढी राहिली होती. मामांनी तो उजेडात धरून पाहिला. "सुटली बिचारी," म्हणाले. त्यांच्या नेसत्या वेष्टीला केवढं भोक पडलंय हे मी दाखवेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता.

फोटो मी स्कॅन करते आणि घराघराला फोनवर पाठवते. वर्षातून एकदा लग्नाच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधून सगळे टांगतो. जेवण असतं, पण मामांची अट असते. आधी एका अनाथाला नाव द्यायचं, मग पान मांडायचं. चेन्नईच्या एका इंजिनियरनं भुकेपोटी ठोकून दिलं, "हे माझे पणजोबा." मामांनी त्याच्या पणजोबांचा खरा फोटो शोधून आणला आणि त्याला डांगर पचडीच्या पानावरून उठवलं. "खोटं नांव लावलं म्हणजे तो माणूस पुन्हा मेला," सगळ्यांसमोर ओरडले. इंजिनियर पुन्हा आला नाही. त्याच्याकडे आजीचे चांगले फोटो होते, तेही गेले.

जुने चेहरे ओळखणारी माणसं दर वर्षी कमी होत गेली. शेवटी ताराअक्का तेवढ्या राहिल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, कळवायचं असेल त्यांना कळवा.

मामा माझ्या बँकेत आले. "चल बी.कॉम., अक्का चालली." पिशवीत अनाथांचा गठ्ठा होता. अक्का गेल्या की त्या गठ्ठ्यातल्या कोणाला पुन्हा नाव मिळणार नव्हतं.

अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. डोळे लकाकत होते. मामांनी तब्येत विचारली नाही.

"हें कोण म्हणून सांगा."

"सोनाबाई. हलकट."

"हलकट म्हणून लिहूं?"

"लिही."

मामांनी पेन्सिलीनं लिहिलं. पेन्सिलीनंच लिहितात, चूक निघाली तर खोडता यावी म्हणून. "हा?"

"तिचाच भाऊ. पिऊन कालव्यांत पडला."

नर्स आली, हे काय चाललंय म्हणाली. "सरकारी काम," मामांनी तमिळमध्ये सांगितलं. ती गेली.

पुढचा फोटो स्टुडिओतला. लाकडी घोडा, त्यावर टोपी घातलेलं तीनचार वर्षांचं पोर. अक्कांनी सलाईनचा हात पुढे करून तो ओढूनच घेतला.

"रघू," म्हणाल्या.

रघू त्यांचा मुलगा, चौथ्या वर्षी तापात गेलेला. त्या काळी आमच्यात लेकरांचा फोटो काढत नसत, आयुष्य कमी होतं म्हणत. गेल्यावर तरी काढा म्हणून अक्का सासूच्या पाया पडल्या होत्या. प्रेताला खुर्चीत बसवून, भोवती घरच्यांनी उभं राहून फोटो काढायची रीत इकडे होतीच. सासू म्हणाली, ते मोठ्यांचं असतं. लेकराला नदीकाठी पुरलं. रघूचा फोटो नाही हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"अक्का, रघूचा तर—" मी बोलू लागले. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"रघूच," ते म्हणाले. "टोपी पाहा की."

"टोपी मीच शिवली." अक्का बोटानं टोपी चाचपत होत्या. "मज न सांगतां नेलं. त्याच्या बापानं. चोर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सासूबाईंस सांगूं नको हं."

"नाही सांगत."

मामांनी माझ्याकडे पेन मागितलं. फोटो अक्कांच्या हातातून न काढता तसाच उलटा धरला आणि मागं शाईनं रघुनाथ लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. उरलेला गठ्ठा पिशवीत घातला.

"अजून पुष्कळ आहेत, मामा."

"पुरे."

जिन्यात मी त्यांना थांबवलं. पाय ठणकत होता. "कोण आहे तो पोरगा?"

"मी. कुंभकोणमच्या स्टुडिओंत. आईनं हट्टानं काढवला, तेवढा एकच." मामा कठडा धरून उतरत होते. "म्हाताऱ्यांस दाखवतांना मधें एक ठाऊक असलेला घालतों. ओळख शाबूत आहे कां तें कळतं."

"मग सोनाबाई? तिचा भाऊ?"

"खोडायचे."

दोन्ही नावं त्यांनी रिक्षा येईपर्यंत दवाखान्याच्या पायरीवर बसून खोडली. सोनाबाईचा हलकटपणाही गेला. कोण जाणे, तेवढं खरं असेलही.

अक्का त्याच आठवड्यात गेल्या. मामा त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसले आणि फोटोंबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सुनेलाच चुकल्यासारखं झालं. तिनं आपणहून उशीखालचा फोटो आणून दिला.

यंदा हॉलमध्ये तो पहिल्या दोरीवर होता. तिरुवैयारूहून मामांचे चुलतभाऊ आले होते. चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिलं.

"अरे वेंकोबा, हा तूं की! काकू दाखवायची आम्हांस."

"मागें नांव लिहिलंय," मामा म्हणाले. "रघुनाथ. ताराअक्कांचा."

"मज शिकवतोस? हे कान कोणाचे?"

"कान सगळ्यांचे सारखेच."

"बरं, हा तूं नव्हेस. मग तुझा लहानपणचा कोठें आहे, दाखव."

मी हातातला दोरीचा चिमटा तसाच धरून उभी राहिले.

"नाही," मामा म्हणाले. "आपल्यांत लेकरांचा काढीत नसत."