मेश्राम काकू आणि कंपनीचं समाजकार्य

आमच्या सोसायटीत पार्सल घेऊन येणारी माणसं मेश्राम काकूंच्या दारात जरा जास्तच वेळ अडकतात. कारण काकू दार उघडतात आणि पार्सलला हात न लावता विचारतात, "अपने बारे में कुछ बताइए."

नवा माणूस गोंधळून ओटीपी मागतो. काकू ओटीपी देतात, पण प्रश्न सोडत नाहीत. मग तो बिचारा खांद्यावरची पिशवी सावरत नाव, गाव, वडिलांचं नाव सांगायला लागतो. काकू हात वर करून त्याला थांबवतात. "वो तो कागज पे लिखा है. आपको आता क्या है, वो बताओ." बरेच जण इथे जिना उतरतात. काही थांबतात. त्यातल्या एकाला दुचाकी पूर्ण खोलून पुन्हा जोडता येते, हे काकूंनी त्याच्याकडून दारातच काढून घेतलं आणि त्याचा बायोडेटा तिथेच, दाराला टेकून लिहिला. तोवर आमचं आईस्क्रीम त्याच्या पिशवीत वितळत होतं.

लिफ्टमध्येही तेच. आठव्या मजल्यावरच्या निवृत्त कर्नलना त्यांनी एकदा शांतपणे विचारलं, "आपकी कमज़ोरियाँ क्या हैं?" तेव्हापासून कर्नल जिन्याने उतरतात. गुडघे सुधारले, असं त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात.

काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या, सरकारी रोजगार कार्यालयात लागल्या आणि लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहून तिथूनच निवृत्त झाल्या. मेश्राम काका गेल्यानंतर त्या गुडगावात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एक मुलगी आहे, ती पुण्याला असते आणि रविवारी फोन करते.

"आमचं ऑफिस म्हणजे देऊळ होतं बाप्पा," त्या सांगतात. "लोक रांगेत यायचे, आपलं नाव सांगायचे आणि हात जोडून जायचे. आतून कोणी काही बोलायचं नाही. दर थोड्या वर्षांनी पुन्हा यायचं, पुन्हा नाव सांगायचं. प्रसादसुद्धा नाही."

निवृत्तीनंतर बहुतेक लोक योगासनं करतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर देश चालवतात. काकूंनी ठरवलं की बेकार माणसाला नोकरी शोधायला मदत मिळाली पाहिजे आणि तिचा खर्च कंपन्यांनी उचलला पाहिजे. एप्रिलातल्या जयंतीच्या कार्यक्रमात सगळे वक्ते शिक्षणाचं महत्त्व सांगून बसले, तेव्हा काकूंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "शिकले सगळे. आता शिकून घरी बसलेल्यांचं काय ते बोला." टाळ्या वाजल्या नाहीत. आयोजकांनी जेवण लागल्याचं जाहीर केलं.

अशा बाईला एके दिवशी कळलं की मी मानेसरच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सीएसआर विभागात आहे. हे मीच सांगितलं, लिफ्टमध्ये, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये.

"म्हणजे काय करता?"

"कंपनी नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करते ना काकू. ते मी बघतो."

"बरं. मग समाजासाठी काय केलं?"

आता हा प्रश्न मला ऑफिसात कोणी कधी विचारलेला नव्हता. आम्ही जवळच्या गावातल्या शाळेची भिंत रंगवत होतो. दर वर्षी तीच भिंत, कारण तिच्यावर सकाळचं ऊन छान पडतं आणि फोटो चांगले येतात. मुख्याध्यापक दर वर्षी नम्रपणे पाण्याच्या नळाबद्दल विचारायचे आणि आम्ही दर वर्षी नम्रपणे रंग कोणता हवा ते विचारायचो. याशिवाय झाडं. एकाच खड्ड्यात तीन साहेबांनी वेगवेगळ्या वर्षी लावलेलं झाड आमच्याकडे आहे. म्हणजे झाड नाही, खड्डा आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शाळा रंगवता. त्या शाळेतून पास झालेला पोरगा मोठा होतो, तुमच्या गेटवर येतो, त्याला वॉचमन हाकलतो. ऑर्डर कमी झाली की आत असलेल्यांनाही हाकलता. आणि भिंत मात्र पिवळी."

"आकाशी," मी म्हणालो. काहीतरी म्हणणं भाग होतं.

त्यानंतर रोज सकाळी कंपनीच्या बसपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत यायच्या. "नोकरी जाते बाबू, अक्कल नाही जात," हे त्यांचं पालुपद. "पण चार महिने घरी बसला की माणसाला वाटायला लागतं, अक्कलही गेली. तेवढ्यात कोणीतरी भेटायला पाहिजे." शेवटी मी माझे साहेब मल्होत्रा यांची वेळ घेतली. साहेब त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावतील आणि माझी सकाळ मोकळी होईल, असा माझा अत्यंत सामाजिक हेतू होता.

मल्होत्रासाहेबांनी हसून स्वागत केलं, ग्रीन टी मागवला आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "मैडम, आइडिया अच्छा है. लेकिन इसमें दिखेगा क्या? पेड़ दिखता है, दीवार दिखती है. बेरोज़गार आदमी का फोटो कैसे लें?"

"नहीं लेना," काकू म्हणाल्या.

साहेबांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ते घड्याळाकडे बघू लागले. मला वाटलं, झालं. तेवढ्यात काकूंनी ग्रीन टी बाजूला सरकवला आणि सवयीने विचारलं, "अपने बारे में कुछ बताइए."

मोठ्या साहेबाला स्वतःबद्दल बोलायला कोणी सांगितलं तर तो नाही कशाला म्हणेल? ते रंगात आले. कॉलेज सांगितलं, पहिली नोकरी सांगितली, दुसरी, परदेशातलं ट्रेनिंग, मग थेट ही कंपनी. काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"बीच में गैप है," त्या म्हणाल्या. "परदेशातून आलात आणि इथे लागलात, त्याच्यामध्ये दीड-दोन वर्षं आहेत." हे अर्धं मराठीतच निघालं, पण साहेबांना समजलं.

"हाँ, वो..." साहेबांनी लॅपटॉप बंद केला. "कंपनी बंद हो गई थी."

"फिर?"

"घर पे था."

मग साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेरे पिताजी पड़ोसियों को बोलते थे, बेटा छुट्टी पे आया है. इतनी लंबी छुट्टी किसको मिलती है?"

काकूंनी मान हलवली. "बायोडेटा किसने बनाके दिया?"

"किसी ने नहीं."

"बस. वही चाहिए. एक कमरा, एक समझदार लड़की, कंप्यूटर, और इंटरव्यू को जाने का भाड़ा."

मंजुरी त्याच आठवड्यात मिळाली. अर्थात कंपनी ती कंपनीच. मानेसरच्या बाजारात मिठाईच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेतली आणि तिला 'राइज अँड शाइन करिअर एक्सलन्स हब' असं नाव दिलं, कारण नुसतं 'मदत केंद्र' म्हटलं तर मदत होईल की काय अशी शंका येते. रितू नावाची एक हुशार समुपदेशक नेमली. उद्घाटनाला रिबन, ड्रोन आणि पांढरे टी-शर्ट आले. टी-शर्टवर छातीभर इंग्रजीत छापलं होतं, 'मी नोकरीसाठी तयार आहे.'

काकूंनी एक टी-शर्ट उचलून उलटसुलट पाहिला. "बेकारीला युनिफॉर्म कशाला?" त्यांनी मला विचारलं. टी-शर्ट वाटले गेले नाहीत. पुढे कितीतरी दिवस आमच्या फॅक्टरीत त्या टी-शर्टांनी मशीन पुसली जात होती. नोकरीसाठी ते खरंच तयार होते.

उद्घाटन झालं आणि मग कोणीही आलं नाही.

म्हणजे लोक खालपर्यंत यायचे. एखादा जण मिठाईच्या दुकानाशी समोसा घेऊन उभा राहायचा, जिन्याकडे बघायचा, वरच्या भल्यामोठ्या बोर्डाकडे बघायचा, समोसा संपवायचा आणि शेअर ऑटोत बसून निघून जायचा. बोर्डावर कंपनीच्या लोगोखाली ठळक अक्षरांत 'बेरोज़गारों के लिए' असं लिहिलेलं. भर बाजारात, ओळखीच्या लोकांसमोर त्याखालून जिना कोण चढेल? काकू म्हणाल्या, बोर्ड काढा. हेड ऑफिस म्हणालं, बोर्डच तर आमचा आहे. शिवाय दर आठवड्याला 'फुटफॉल किती' अशी मेल यायला लागली. इतकी कमी पावलं असतील तर हा प्रकल्प बंद करून पुन्हा भिंतीकडे वळावं, असं वरून सुचवलं गेलं.

मल्होत्रासाहेबांनी मेल मला पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, 'जाके देख लो.'

मी दुपारी गेलो. रितू आतल्या छोट्या खोलीत डबा खात होती. बाहेर भिंतीशी लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी एकीवर काकू बसल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर बायोडेटाचं पाकीट. थेट मुलाखतीला आल्यासारख्या.

"काकू, इथे का बसलात? आत बसा ना."

"रिकाम्या खोलीत पहिला कोणी शिरत नाही बाबू," त्या हळूच म्हणाल्या. "पंगतीला पण पहिलं पान कोणी धरत नाही. एक बसला की दुसरा बसतो. तू असा साहेबासारखा उभा राहू नको. बस तरी, नाहीतर जा तरी."

मी बसलो. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात पंचेचाळिशीचा एक गृहस्थ हातात हेल्मेट घेऊन उभा होता. सुपरवायझर असावा. शर्टाच्या खिशाला अजून ओळखपत्राची क्लिप होती, ओळखपत्र नव्हतं.

"ये... नौकरी वाला, यही है?"

"यही है," काकू म्हणाल्या. "मैं भी उसी के लिए आई हूँ. बैठो भैया."

त्याने एकदा पांढऱ्या केसांच्या या बाईकडे पाहिलं. या वयात ही नोकरी शोधते, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसला. आणि मग त्याचे खांदे जरा खाली आले, जसे घरच्या माणसात बसल्यावर येतात. तो बसला. हेल्मेट खाली ठेवलं. काकूंनी त्याला काही विचारलं नाही. उकाड्याबद्दल बोलल्या, खालच्या समोशात बटाटा कमी असतो याबद्दल बोलल्या. मग तोच आपणहून म्हणाला, "घर पे अभी बताया नहीं है."

"बता दो," काकू म्हणाल्या. "अकेले को भारी पड़ता है."

रितूने आतून हाक मारली. काकूंनी त्याला आधी पाठवलं.

मग रोज काकू तिथे बसू लागल्या. सकाळी शेअर ऑटोने जायच्या, संध्याकाळी परत. रोज नव्याने बेकार. लोक यायला लागले. पोरं आली, बाळंतपणात नोकरी सोडलेल्या बायका आल्या, हेल्मेटवाल्याला एका गोदामात काम लागलं आणि तो आपल्या मेहुण्याला घेऊन आला. हेड ऑफिसला पावलं मिळाली. लगेच त्यांनी कळवलं की ही संकल्पना मुळात त्यांचीच होती. शेजारच्या दोन कंपन्यांनीही आपापला हब काढायचं ठरवलं. त्यांच्या साहेबांना काकूंनी काय विचारलं असेल ते सांगायला नको.

थंडी सुरू होताना मी एकदा केंद्रावर गेलो तर खोली भरलेली. एक मुलगी फाइल छातीशी धरून आत आली आणि बसायला जागा शोधू लागली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, सगळ्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि उठल्या. "बैठ बेटा. मेरा हो गया."

जिना उतरताना मी म्हणालो, "काकू, आता तुमची गरजच उरली नाही की इथे." मला ते कौतुक वाटलं होतं.

"हो ना," त्या म्हणाल्या. खाली आल्यावर पर्स चाचपत थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. "त्या सुपरवायझरला मी खोटं नव्हतं सांगितलं बरं का बाबू. सकाळी उठते, साडी नेसते, तयार होते, आणि मग कळत नाही कुठे जायचं. इथे निदान कोणी तरी शेजारी येऊन बसायचं."

मी गाडी बोलावली होती. म्हटलं, "चला, घरी सोडतो."

"तू जा," काकू म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

मी गाडी परत पाठवली. मिठाईच्या दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो आणि मी दोन चहा सांगितले. काकू बराच वेळ वरच्या खिडकीकडे बघत होत्या. मग मी विचारलं, "आज कोण कोण आलं होतं वर?"

त्या सांगू लागल्या. चहा निवला, तरी त्या सांगतच होत्या.