भट्टी चालू आहे, लक्ष ठेवा

"आता मी असं घर बांधते की त्याला एकाही नातेवाइकाचं बोट लागणार नाही!"

उन्नतीने हे जाहीर केलं तेव्हा सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरमध्ये आणखी तीन माणसं बसली होती, आणि तिघांनाही वाटलं की पोरगी रुआबांध्याला प्लॉट घेते आहे.

"पूर्वेचं तोंड पाहून घेजो," बेबीआत्या म्हणाली.

"सिमेंट मले इचारल्याबिगर घेऊ नको," मोठे बाबा म्हणाले. मोठे बाबा म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ, कृष्णराव.

आई तांदूळ निवडत होती.

"लॅपटॉपवर!" उन्नती ओरडली. "खेळात बांधते आहे, खेळात!"

"मंग तं पूर्वेचं भेटूनच जाईन," आत्या समाधानाने म्हणाली.

बाबांना, म्हणजे देवीदासरावांना जाऊन दोन महिने होत आले होते. क्वार्टर स्टील प्लांटचं, ते आता प्लांटला परत करायचं. आई दुर्गला छोट्या फ्लॅटमध्ये जाणार आणि सामान जिथे जाईल तिथे जाणार. हे 'जिथे' मोठे बाबा ठरवत होते. कूलर एकाला, दिवाण दुसऱ्याला, कपाट तिसऱ्याला. घरातून माणूस गेला तेव्हा तरी लोक दारात थांबून रडले होते. दिवाण गेला तेव्हा सगळे मिळून "थोडा तिरपा करा!" एवढंच म्हणाले.

तोवर तिने दात आवळून धरले होते. मग एके संध्याकाळी व्हरांड्यातली वेताची खुर्ची दिसेना. बाबा ड्यूटीवरून आले की बूट न काढता आधी त्या खुर्चीत बसायचे.

"देऊन टाकली," मोठे बाबा म्हणाले.

"कुणाला?"

"होता एक मानूस."

तेव्हापासून उन्नती रागावलेली होती. तिचा राग प्लांटसारखा होता, रविवारीही बंद नसे. भाजी चिरताना, केस विंचरताना, फोनवर बँकेच्या बाईशी बोलताना तो मागे धडधडत राहायचा. आणि म्हणूनच हे घर!

खेळ साधा होता. जंगलात उघड्यावर सोडून देतात. झाडं तोडा, दगड फोडा, घर बांधा, वाघ-डुकरांपासून जीव वाचवा. बाकीचे खेळाडू किल्ले बांधतात. उन्नतीने सेक्टर दोनचं क्वार्टर बांधलं! दगडी भिंती, मातीची कौलं, समोरची खोली, मागे अंगणात पेरूचं झाड. दिवाण, कपाट, पुस्तकांची फळी, सगळं जिथल्या तिथे. आणि व्हरांड्यात वेताची खुर्ची. त्या वेतासाठी तिला पार दलदलीपर्यंत जावं लागलं होतं आणि मगरीने तिला वाटेत दोनदा खाल्लं होतं. पण खुर्ची बसली. डावा हात जरा झिजलेला असायला हवा होता, तेवढं मात्र खेळात जमत नव्हतं.

पण नातेवाइकांचं बोट लागणार नाही म्हणे! सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस देवीदासरावांच्या फोटोला हात जोडायचा, चहा घ्यायचा आणि लॅपटॉपसमोर येऊन बसायचा. आत्याला देवघर ईशान्येला हवं होतं. शेजारच्या विजयाकाकूंना संडास घराबाहेर का नाही याची काळजी लागली होती. "कर्ज काढलं का बेटा यासाठी?" एका गृहस्थांनी दबक्या आवाजात विचारलं.

मोठ्या बाबांना घराशी कर्तव्य नव्हतं. त्यांची नजर एकाच वस्तूवर खिळली होती. मागच्या खोलीत उन्नतीने खिळे-कड्यांसाठी एक भट्टी लावली होती. वरून खनिज टाकायचं, खालून लाकूड, की लोखंड निघतं.

"हे काय होय?"

"भट्टी."

मोठे बाबा खुर्ची ओढून बसले. उभा जन्म त्यांनी ब्लास्ट फर्नेसवर काढला होता.

"लकडी कुठून टाकते तू यात?"

पिच्छा सुटावा म्हणून तिने माऊसने दाखवलं. हे उचलायचं, इथे सोडायचं. लाकडाची कुठलीही वस्तू चालते.

"अन् लकडी खतम झाली तं?"

"विझते."

"विझते?" पाळण्यातलं पोर विहिरीत पडतं असं कुणी सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. "भट्टी विझू देत नसतात बेटा! अंदरच्या अंदर माल जमून जाते. मंग सब्बलीनं फोडत बसा लागते."

"मोठे बाबा, खेळ आहे हा!"

"भट्टी भट्टीच राह्यते."

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. भट्टीत माल होता आणि खेळ बंद केला तर तो अर्धवट राहिला असता. आई स्वयंपाकघरात होती, लॅपटॉपपाशी मोठ्या बाबांखेरीज दुसरं कुणी नव्हतं. उन्नतीने पायात चपला सरकवता सरकवता दोन वाक्यं म्हटली, आणि त्यातलं पहिलंच म्हणायला नको होतं.

"भट्टी चालू आहे, लक्ष ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका!"

सिव्हिक सेंटरच्या औषधाच्या दुकानात गर्दी होती. परत आली तेव्हा मोठे बाबा लॅपटॉपसमोर ताठ बसले होते. शेजारी चहावर जाड साय धरली होती. कपाळावर घाम.

"प्रॉडक्शन पाह्य!" ते म्हणाले.

उन्नतीने पाहिलं. दिवाणाच्या जागी लोखंड. कपाटाच्या जागी लोखंड. पुस्तकांची फळी, देवघर, अंगणातला पेरू, सगळीकडे लोखंड! माल ठेवायच्या पेट्यासुद्धा त्यांनी भट्टीत घातल्या होत्या, त्यामुळे सगळा ढीग उघड्यावर. एका दुपारी एका माणसाने काढलेलं ते लोखंड पाहून प्लांटने त्यांना निवृत्तीतून परत बोलावलं असतं.

"खुर्ची कुठे आहे?"

"कोनती?"

"व्हरांड्यातली!"

"ते तं पह्यलेच लावली," मोठे बाबा कौतुकाने म्हणाले. "वेत मस्त पेटते."

मग मात्र उन्नतीचा तोल गेला.

"एकच खुर्ची तुम्ही दोनदा घालवलीत! खरी कुणाला दिली ते सांगायची हिंमत नाही, आणि ही मी चिखलात मरून आणली तर ती जाळलीत! तुमच्या भावाची होती ती! तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? कूलर द्या, कपाट द्या, मलाही देऊन टाका कुणाला तरी! थोडी तिरपी करा, निघेन दारातून!"

मोठ्या बाबांनी माऊसवरचा हात काढून घेतला. एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा भट्टीकडे.

"रागव बेटा," ते हळूच म्हणाले. "पन लकडी टाकून रागव."

"नाही टाकत!"

"त्याईले कायले बोलून राहिली?"

आई दारात उभी होती. हाताला कणीक लागलेली.

"खुर्ची म्या देली."

आई बोटांवरची कणीक खरवडायला लागली.

"रोज सकाळी चाय घेऊन व्हरांड्यात जाओ, अन् पाहो तं हातात दोन कप. खुर्ची दिसली का माझे हात आपोआप दोन कप भरत. म्याच भाऊजीले म्हटलं, घेऊन जा बाप्पा हिले. अन् उन्नतीले माझं नाव सांगू नका."

उन्नतीने मोठ्या बाबांकडे पाहिलं.

"तू तशीबी माझ्यावर रागावलीच होती," ते म्हणाले. "कपाट अन् दिवाणात एक खुर्ची जास्तीची."

"आणि तो माणूस? तुम्ही ज्याला दिली तो?"

"कोनाले देईन मी देवीदासची खुर्ची? मोहन नगरात आहे, माझ्या घरी. तिच्यावर कोनी बसत नाही. तुही मोठी आई तिले रोज पुसते अन् रोज मले शिव्या देते."

आता रागावणार कुणावर? इतके दिवस धडधडत असलेली एवढी मोठी यंत्रणा, आणि टाकायला मालच नाही! उन्नती गोळ्यांची पिशवी हातात धरून उभीच राहिली. पडद्यावर ज्वाळा बसत चालली होती. मोठ्या बाबांचा पाय टेबलाखाली हलायला लागला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"थंडी होऊन राहिली, सत्यभामा."

"मंग टाका ना काहीतरी. घरात काय बाकी आहे?"

"दार," उन्नती म्हणाली.

ती खाली बसली. मोठ्या बाबांनी लगेच जागा करून दिली. तिने समोरचं दार बिजागरीतून काढलं आणि भट्टीत सोडलं. ज्वाळा भडकली.

"रिलीव्हर आली," पाळी सुटल्यासारखे मोठे बाबा म्हणाले, आणि कपातली साय बोटाने बाजूला करून त्यांनी तो थंडगार चहा एका घोटात पिऊन टाकला.

घराला दार नव्हतं, त्यामुळे जे व्हायचं ते लगेच झालं. एक रानडुक्कर सरळ समोरच्या खोलीत आलं, लोखंडाला वळसा घालून मागे गेलं आणि भट्टीपाशी येऊन उभं राहिलं.

"कोन आलं वो?" आईने चष्मा वर करून विचारलं.

"भेटायला आलंय," उन्नती म्हणाली.

डुकराने देवघराची दिशा विचारली नाही. कर्जाचं विचारलं नाही. त्याने एकाच धडकेत उन्नतीला ठार केलं, पण दोन महिन्यांत त्या घरी आलेला तो पहिला पाहुणा, ज्याने सल्ला दिला नाही!