पंजाच्या मापातलं पाप

तुम्हाला सांगतो, रस्सीखेच ही ताकदीची नव्हे, अकलेची गोष्ट आहे! निदान शुक्रवार दुपारपर्यंत माझं तरी असं ठाम मत होतं.

आमच्या कंपनीत दरवर्षी ऑफिस विरुद्ध गोदाम असा सामना होतो. जिंकणाऱ्यांनी वर्षभर हवेशीर गच्चीवर डबा खायचा, हरणाऱ्यांनी जिन्याखालच्या खोलीत. आम्हा ऑफिसवाल्यांना ती खोली आता वडिलोपार्जित वाटायला लागली होती. यंदा मी छाती ठोकून म्हणालो, "संघ मी निवडतो!"

कुठेतरी वाचलं होतं की पंजा रुंद आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जाड, त्याची पकड घट्ट. झालं! बायकोच्या शिवणयंत्रावरची टेप खिशात घातली आणि टेबलाटेबलापाशी जाऊन मापं घ्यायला लागलो. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. डाव गोदामापर्यंत फुटला असता ना!

कॅशियरचं मनगट मोजत होतो, तर ते लाजून म्हणाले, "जरा सैलच धरा हं. उन्हाळ्यात हात सुजतो माझा."

"सैल कशाला?"

"कळतं हो आम्हाला!" आणि त्यांनी चक्क डोळा मारला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी पसरली होती, कंपनी सगळ्यांना मनगटी घड्याळं वाटणार! रिसेप्शनवरच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं. "अहो भाऊ, माझा पट्टा चामड्याचा नको. पुरळ येतं."

"तसं काही नाही हो!"

त्यांना वाटलं, मी गुपित राखतोय. मी जितका नाही म्हणालो, तितकं घड्याळ महाग होत गेलं. शुक्रवारपर्यंत त्याला सोन्याचा मुलामा चढला होता!

सगळ्यांत मोठ्या पंजांचे सात जण मी निवडले. एकेकाचा पंजा म्हणजे सूप! कॅशियर सगळ्यांत पुढे. माझा पंजा चमच्याएवढा, म्हणून मी दोरीच्या शेवटच्या टोकाला उभा राहिलो. शोभेपुरता.

समोर गोदामाचा मुकादम आणि त्याची माणसं. शिट्टी वाजणार, तेवढ्यात कॅशियरने मोठ्या साहेबांनाच विचारलं, "साहेब, घड्याळं सामन्याआधी देणार की नंतर?"

"कसली घड्याळं?"

सात माना गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे याने परस्पर गिळली!" कुणीतरी ओरडलं. शिट्टी वाजली आणि सातही जणांनी दोरी सोडून दिली!

मी एकट्यानेच सोडली नाही. बाणा वगैरे काही नाही हो, भीतीने बोटं मिटली ती मिटलीच! मी पोटावर घसरत निघालो, वाटेत साहेबांचं चहाचं टेबल आडवं केलं आणि रेषेपलीकडे थेट मुकादमाच्या पायाशी जाऊन पोचलो.

"सोडा की आता! सामना संपला!" मुकादम म्हणाला.

"बोटं उघडत नाहीयेत हो!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

दोघांनी मिळून माझं एकेक बोट दोरीवरून सोलून काढलं. मुकादम तर भारावूनच गेला. "साहेब, एवढासा पंजा आणि ही पकड! हा माणूस आम्हाला द्या!"

"आजच न्या!" साहेब चहाने भिजलेली विजार झटकत म्हणाले.

तर हल्ली मी गोदामात असतो आणि गच्चीवर जेवतो. वारा छान येतो. दोन्ही हात अजून बँडेजमध्ये आहेत, म्हणून मुकादम स्वतः प्रेमाने भरवतो. तक्रार करायला तोंड उघडलं की पुढचा घास आलाच! आणि घास तो स्वतःच्या पंजाच्या मापाने करतो.