सात पावलांवरून व्हिडिओ

पोलीस दिसला की लोक हेल्मेट चाचपतात, आमचे कृष्णोजीअण्णा पावलं मोजतात. मोठ्याने आणि बरोबर सात. मग वळतात, खिशातला फोन काढून समोर धरतात आणि त्या पोलिसाला सांगतात, "नॅचरल र्‍हावा, सर. कॅमेऱ्याकडं बघू नका."

आता पोलिसापासून सात पावलं मोजायची, तर सुरुवात पोलिसापासूनच करायला हवी. म्हणून अण्णा आधी थेट त्याच्या बुटाला बूट लावून उभे राहतात, नमस्कार करतात आणि मग मोजत मोजत मागे येतात. एवढ्यात निम्मे पोलीस गोंधळून आपण काय करत होतो तेच विसरतात.

अण्णा आमचे शेजारी. त्यांचं घराणं बंगळुरात किती पिढ्या मुरलंय ते त्यांनाही सांगता येत नाही. मी पुण्याची, पोटासाठी रोज बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये कुजणारी. मी इथे राहायला आले त्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून "स्वल्प साखर असंल तर द्या, अक्का," म्हटलं आणि मी त्या मराठीवर फिदा झाले. साखर मात्र अजून परत आलेली नाही.

चाळीस वर्षं त्यांनी लग्नाचे व्हिडिओ काढले. ती सवय सुटत नाही. चौकातल्या हवालदाराने गाड्या थांबवायला हात वर केला की हे ओरडतात, "तसाच धरा, सर, स्वल्प!" रिक्षावाल्याने लायसन्स पुढे केलं की, "असं नको, दोघं मिळून धरा." तो हवालदार आता इतका सरावलाय की अण्णा दिसले की टोपी सारखी करतो आणि डावी बाजू पुढे करतो.

"पण सातच पावलं का?" मी एकदा विचारलं. कायद्यात असा आकडा कुठे नाही, एवढं मला माहीत होतं.

"रस्त्यात पोलिसाचा व्हिडिओ घेणं गुन्हा नाही, अक्का. आडवं जाणं गुन्हा. सप्तपदीला सात पावलं लांब र्‍हायलं की नवरा, नवरी, भटजी, सगळं फ्रेममध्ये येतंय. इथं बी तसंच. पोलीस यायला पाहिजे, समोरचा माणूस बी यायला पाहिजे. नुस्ता पोलीस घेतला तर त्याच्यावर अन्याय."

व्हिडिओ झाला की तो एकाच नंबरला जातो. मग अण्णा फोन तळहातावर ठेवून बघत बसतात. दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. कोणाला पाठवता म्हटलं की लग्नाच्या धंद्यातला, गिऱ्हाईकासाठीचा एकच शब्द, "पार्टीला." आणि मग स्वतःशीच, "पार्टी पसंत करंना."

गेल्या महिन्यात चौकात नवे फौजदार आले. निपाणीकडचे, मराठी जाणणारे. एका रिक्षावाल्याची कॉलर धरून त्याच्यावर ओरडत होते. अण्णा गेले, नमस्कार केला, सात पावलं मागे आले. मी भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभी होते. आमचं मराठी ऐकून साहेब मराठीतच कडाडले, "ए, काढा! तो व्हिडिओ काढा आधी!"

"सरी, बरं सर. काढतोच आहे."

"काढा म्हणतोय ना!"

"चालू आहे, सर. नॅचरल र्‍हावा."

"माझ्यासमोर काढा!"

"समोरून? सरी." आणि अण्णा सात पावलांचं अंतर जराही न मोडता, गोल फिरून साहेबांच्या समोर गेले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यासाठी कॉलर सोडावी लागली, तेवढाच रिक्षावाल्याने श्वास घेतला. शेवटी आमच्या हवालदाराने मध्ये पडून समजावलं, "सर, हे चाळीस वर्षं व्हिडिओ काढतायत. यांना काढा म्हणजे एकच कळतं. डिलीट म्हणा."

"डिलीट करा!"

अण्णांचं हसू गेलं. फोन त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. मला पहिल्यांदाच त्यांच्यासाठी भीती वाटली.

"फोन पाहिजे तर कागद करा, सही करा, नेवा सर. पण डिलीट नाही होणार."

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने रिक्षावाल्याची कॉलर सारखी केली. "राहू दे," ते म्हणाले. "हेही येऊ द्या त्यात." आणि रिक्षावाल्याला आवाज न चढवता विचारलं, "बोल, कागदपत्रं कुठायत?"

अण्णांनी तेही घेतलं आणि तिथंच उभं राहून पार्टीला पाठवून दिलं.

घराचा जिना चढताना ते मध्येच पायरीवर बसले. "पार्टी म्हणजे माझा गणेश," म्हणाले. गणेश टॅक्सी चालवायचा. एकदा सिग्नलवर चूक नसताना पोलिसाने त्याच्या कानाखाली वाजवली. घरी येऊन त्याने बापाला सांगितलं. "आणि मी काय बोलावं, अक्का? म्हटलं, व्हिडिओ आहे का? पोटच्या पोराला!"

त्याच महिन्यात गणेश हुबळीला निघून गेला. तेव्हापासून बापाशी बोललेला नाही.

इतके दिवस मी या माणसाची नक्कल करून ऑफिसात हशा मिळवत होते, त्याची लाज वाटली. तेवढ्यात फोन वाजला. गणेशचा मेसेज. अण्णांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा काढून फोन माझ्या हातात दिला.

"अप्पा, इतकं जवळ जाऊ नका. स्वल्प लांब उभे राहा."

दुसऱ्या दिवशी मी बससाठी निघाले, तर चौकात अण्णा पावलं मोजत होते. सातला थांबले. खिशातल्या फोनवर हात ठेवला. मग मोठ्याने म्हणाले, आठ. नऊ.