आजींची फायनल

आमच्या शेजारच्या कमलआजी बसून जेवत नाहीत. ताट ओट्यावर ठेवून, या पायावरून त्या पायावर डुलत, उभ्या उभ्याच जेवतात. वय अठ्ठ्याऐंशी.

"बसलं की टाचा टेकतात. टाचा टेकल्या की फूल गेलंच!"

फूल म्हणजे बॅडमिंटनचं शटल. एकोणीसशे पन्नासच्या दशकात आजींनी लीला नावाच्या मैत्रिणीबरोबर राज्य स्पर्धेत महिला दुहेरीचं अजिंक्यपद मिळवलं होतं. इथे आखातात, रोल्लातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती फायनल ऐकली नाही असा माणूस सापडणार नाही.

मुलगा आणि सून जबल अलीला ऑफिसला गेले की आजी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतात. लिफ्टसाठी ताटकळलेल्यांना "यल्ला, एडी ऊपर!" म्हणून दटावतात. खालचा मल्याळी ग्रोसरीवाला तर त्यांना बघताच निमूट टाचा उचलतो. परवा त्याच्यापुढे कोथिंबिरीची जुडी फिरवत सांगत होत्या, "लीला आगे, मैं पीछे. उसने इतना हलका टाकला ना हबीबी, सामनेवाली दोनों देखतीच रह गयी!" काउंटरभर कोथिंबीर. स्वतःच्या फटक्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही.

माझी इरा इथेच वाढलेली, नववीत. गेल्या आठवड्यात आजींनी तिला ती फायनल सांगायला पुन्हा धरलं.

"आजी, यू टोल्ड मी ऑलरेडी!"

"मग तू सांग बघू."

इरानं सांगितली. अगदी छान, हातवाऱ्यांसकट. शेवटी मात्र तिला चेष्टेची लहर आली. "अँड देन लीला हिट द नेट, अँड यू लॉस्ट!"

आजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"खलास! गमतीतसुद्धा असं म्हणायचं नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

इराला रडूच आलं. मलाही कळेना, एवढं काय झालं. रविवारी सकाळी साबुदाणवडे घेऊन माफी मागायला गेले. दार उघडंच होतं. आजी हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या, हातात फोन, स्पीकर सुरू. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पलीकडून, सांगलीहून, थकलेला आवाज आला. "कमल, आज फायनल ना गं? मला धडधडतंय."

"फायनल झाली, लीला."

"हरलो आपण? खरं सांग. माझ्या हातून फूल जाळीत गेलं ना?"

"छे गं! जिंकलो. ऐक."

आणि आजींनी ती फायनल पहिल्यापासून सांगितली. सावकाश, एकही फटका न गाळता, जणू आत्ताच मैदानावरून आल्यात. पलीकडे मधेच श्वास अडकायचा, मधेच "अगंबाई!" व्हायचं. शेवटचा गुण मिळाला तेव्हा लीलाआजी शाळकरी पोरीसारख्या खिदळल्या.

"दर रविवारी विचारते," फोनवर हात ठेवून आजी मला हळूच म्हणाल्या. "दर वेळी हरल्यासारखीच घाबरलेली असते."

"कमल," पलीकडून हाक आली, "आई वाट बघत असेल. तिला सांगून येऊ?"

आजींच्या फेऱ्या थांबल्या.

"ये सांगून," त्या म्हणाल्या. "सावकाश जा. मी आहे इथेच."

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग नुसती पंख्याची घरघर. आजी तो फोन कानाशी धरून ती घरघर ऐकत राहिल्या.