बबडीचं मोकळं वर्ष

"बाबा, मी हे एक वर्ष कॉलेजला जाणार नाहीये," बबडी म्हणाली, आणि मास्तरांचा पाय कचकन ब्रेकवर पडला.

आता गाडी बबडी चालवत होती, मग ब्रेक मास्तरांच्या पायाखाली कसा? तर मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर मास्तरांनी अख्खा जन्म काढला होता. बबडीला लायसन्स कधीच मिळालं होतं, पण "एकटी नको, मी आहे ना शेजारी," असं म्हणून मास्तर रोज चढून बसायचे.

गाडी भर चौकात बंद पडली. मागच्या सीटवर पडद्याचं कापड आणायला निघालेल्या आत्या होत्या. त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"अरे, मारतोस का काय आम्हाला!" त्या धाकट्या भावावर खेकसल्या.

बबडीने चावी फिरवली. गाडी कुरकुरली. पुन्हा फिरवली. बॅटरी आज बदलू, उद्या बदलू असं मास्तर बरेच दिवस म्हणत होते. शेवटी तीही थकली आणि नुसती टकटक करायला लागली.

"कॉलेज नाही, मग करणार काय वर्षभर?"

"माहीत नाही. तेच तर बघायचंय."

"माहीत नाही म्हणजे?" मास्तरांनी विचारलं. मैत्रिणी पुढे निघून जातील आणि आपली लेक मागे राहील, एवढं एकच चित्र त्यांना दिसत होतं.

मागे हॉर्नचा नुसता कल्ला उठला. पावाच्या गाडीतून बेकरीवाला बाह्या सावरत उतरला, खिडकीशी आला आणि एकदम मवाळ झाला. "अरेच्चा, मास्तर, तुम्ही होय!" पंचाईत हीच होती. अर्धं गाव मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेलं. त्यामुळे भांडायला आलेला प्रत्येक जण ख्यालीखुशाली विचारत तिथेच उभा राहिला.

आत्यांना आयतीच सभा मिळाली. "बघा हो! पोरगी वर्षभर नुसती बसणार म्हणते!"

"बसते कशाला? सकाळी आमच्याकडे पाठवा, केक शिकेल," बेकरीवाला म्हणाला.

"दुपारी माझ्या दवाखान्यात येऊ दे," मागच्या गाडीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट सांभाळायला मला कुणीतरी हवंच आहे."

ट्रॅफिक पोलिसही आला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी, आणि त्यातला सगळ्यात ढ. "संध्याकाळी मैदानावर पाठवा, मास्तर. भरतीची तयारी करून घेतो."

"आणि रविवारी माझ्याकडे शिवण," आत्यांनी राहिलेली जागाही भरून टाकली.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "झालं की गं! बघ, वर्ष कसं गच्च भरलं!"

बबडी स्टिअरिंग घट्ट धरून बसली. डोळे भरून आले होते.

"बाबा, यात मी कुठे आहे हो?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं मी. पण तुला काय आवडतं असं कुणी विचारलं ना, तर मला उत्तरच येत नाही. ते शोधायला वर्ष मागतेय. चुकले तर चुकले."

मास्तरांनी आपल्या पायापुढच्या ब्रेककडे पाहिलं. आपण ब्रेक दाबला नसता, तर शेजारच्याने तो स्वतःहून दाबला असता का? इतकी माणसं शिकवली, पण हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. कारण तेवढा वेळ त्यांनी कुणाला दिलाच नव्हता. त्यांना फार वाईट वाटलं.

"ते मागाहून ठरवा हो," पोलीस म्हणाला, "आधी गाडी हलवा. चला, धक्का मारू!"

मास्तर उतरले. "दुसरा गिअर टाक, क्लच दाबून धर. मी सांगितलं की सोड!"

मास्तर, बेकरीवाला, डॉक्टरीणबाई, पोलीस, सगळ्यांनी जोर लावला. आत्या मात्र आतच. "माझे गुडघे दुखतात," त्यांनी जाहीर केलं.

"सोड!"

गाडीने आचका दिला, खोकली आणि सुरू झाली. बबडीने आरशात पाहिलं. बाबा मागून पळत येत होते. त्यांना घ्यायला तिने वेग कमी केला, तशी गाडी पुन्हा गचके खायला लागली. आता बंद पडली असती, तर पुन्हा ढकलायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

जन्मभर "थांब, थांब" करत आलेले मास्तर हात उंचावून जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबू नकोस! बबडे, थांबू नकोस! जा!"

आणि ती गेली.

"अगं, मला तरी उतरव!" हा आत्यांचा आवाज लांब लांब जात विरून गेला. वळणावर बबडीने न सांगता इंडिकेटर दिला. मास्तर धापा टाकत रस्त्यात उभे राहून बघत होते. डोळे पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कुठे निघाली ती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. आणि नवल म्हणजे, ते हसत होते.

"मग उद्या सकाळी पाठवताय ना बेकरीत?"

"मला काय विचारता?" मास्तर म्हणाले. "तिला विचारा."