ज्योतीचा मणका, नर्मदाबाईंची हयात

साडेतीन महिन्यांनी कामावर आलेली ज्योती खुर्चीत बसली ती श्वास रोखूनच. हट्ट्याच्या रस्त्यावर गिट्टीवरून स्कुटी घसरली आणि तिच्या कमरेचा एक मणका चेपला गेला. दोन दिवस डाव्या पायाला काही कळतच नव्हतं. मणका आता भरून आलाय, कामावर जायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण लगेच त्यांनी हेही सांगितलं, की वाकू नका, कंबर पिळू नका, स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवा. मणका भरून आलाय हे ज्योती विसरली, वाकू नका एवढंच तिच्या मनात घर करून बसलं. खाली पडलेलं पेन दिसलं तरी ती घरातल्या कुणाला तरी हाक मारी.

तिचा नवरा भीमराज तिच्याहून भित्रा. कळमनुरीच्या तिच्या सरकारी कचेरीत तो सकाळीच चार विटा, एक पाट आणि मोजायची टेप घेऊन हजर झाला. विटा टेबलाखाली गेल्या, पाट तिच्या पायांखाली. जुनी रजिस्टरं एकावर एक रचून त्याने मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आणला.

"कोपर बराबर काटकोनात ठिव," टेप लावत तो म्हणाला. "जरा बी इकडंतिकडं झालं तर..."

"तर काय?"

"काही न्हाई. तू फक्त हलू नको."

शेजारच्या टेबलावरून प्रमोदने विचारलं, "ताई, शिंक आली तर काय करायचं, ते इचारलं का डॉक्टरला?"

ज्योतीला हसू आलं नाही. तिने ते विचारलंच नव्हतं. भीमराज गेल्यावर ती नाक दाबून बसली.

खिडकी उघडली आणि खरी अडचण कळली. लोकांशी बोलायला काचेत जे गोल भोक होतं, बरोबर त्याच्यापुढे मॉनिटर आला होता.

"आतमधी कुणी हाय का न्हाई?" बाहेरून आवाज आला.

"हाय, बोला!"

कागद सरकवायच्या खालच्या फटीत एक आडवा चेहरा उगवला. मग दुसरा, मग तिसरा. सगळी रांग पाळीपाळीने कमरेत वाकू लागली.

"ताई, मॉनिटर बाजूला सरकवा की," प्रमोद म्हणाला.

"मंग मान वळवावी लागंल ना!"

पण समोर कुणी वाकलं की कळ ज्योतीच्याच कमरेत उठे. "हळू, बाबा. गुडघ्यातून वाका," ती प्रत्येकाला विनवी.

बाराच्या सुमारास फटीत एका म्हातारीचा चेहरा आला. डोंगरकडा गावाच्या बाजूच्या तांड्यावरून आलेल्या नर्मदाबाई. निराधाराच्या पेन्शनसाठी त्यांना हयातीचा, म्हणजे आपण जिवंत असल्याचा, दाखला हवा होता. कागद सरकवताना त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं.

"आई गं!"

ज्योती खुर्चीतूनच म्हणाली, "आजी, सरळ व्हा!"

"काय?"

"सरळ उभ्या राहा!"

"न्हाई होत गं बाई!"

ज्योतीला पुढचं काही ऐकू आलं नाही. डोळ्यांपुढे गिट्टीचा रस्ता आला, तो न हलणारा डावा पाय आला. "प्रमोद, आजींचा मणका गेला!" असं ओरडत ती पाट लाथाडून बाहेर धावली. नर्मदाबाई कमरेतून काटकोनात वाकून उभ्या होत्या.

"सगळे मिळून उचला! मान हलू देऊ नका!"

रांगेतल्या चौघांनी म्हातारीला अलगद बाकावर ठेवलं. पण पाठ टेकली की पाय वर येत आणि पाय टेकले की डोकं. "दाबू नका!" ज्योती किंचाळली आणि बाकावर ओणवी होऊन तिने म्हातारीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. प्रमोद अँब्युलन्सला फोन लावत होता. तेवढ्यात म्हातारी भात्यासारखे मोठमोठे श्वास घेऊ लागली.

"श्वास लागला वो!" ज्योतीने चेहरा तिच्या चेहऱ्याजवळ नेला. "आजी, तकलीफ व्हायली का?"

"न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "श्वास घिऊन दाखवू राहिले. दरसाली नुसता अंगठा घेत व्हते. आवंदा झोपवून तपासायलेत जणू. झालं का? लिवा आता, जित्ती हाय म्हणून."

"आजी, तुमची कंबर?"

"ती व्हय? तिला पंधरा वर्सं झाली तशीच हाय."

प्रमोदने फोन खाली ठेवला. चौघं एकमेकांची तोंडं बघत मागे सरकले. नर्मदाबाई आपल्या आपण उठल्या, लुगडं सारखं केलं. ज्योती मात्र जागची हलली नाही. आपण कमरेतून पूर्ण वाकलोय, हे तिला आत्ता कळलं होतं. बाकाची कड तिने घट्ट धरली. डाव्या पायाचा अंगठा हलवून पाहिला. हलला. तरी वर यायची छाती होईना.

नर्मदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "काहून गं, तुझी बी पेन्शन हाय का?"

ज्योती जराशी वर आली. थांबली. आणखी जराशी. कुठेच काही मोडलं नाही.

"न्हाई, आजी," डोळे पुसत ती म्हणाली, "मला अजून पंचवीस वर्षं नोकरी हाय."